अंतर कोणते आणि वेळ कुठून कुठपर्यंत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूर-मुंबई विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून या दोन शहरांमधील अंतराचे निरनिराळे आकडे छापून येत आहेत. कुठे ४५५ किलोमीटर, कुठे ४००, तर कुठे ३६०. यातला एकही आकडा खोटा नाही. कोणते अंतर मोजले तेवढे सांगायचे राहून जाते. ४५५ किलोमीटर हे कुर्डुवाडी, दौंड, पुणे आणि पुढे बोरघाट उतरून जाणाऱ्या लोहमार्गाचे अंतर आहे. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूरवरून जाणारा रस्ता सुमारे ४०० किलोमीटरचा असून दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर ३६० च्या आसपास भरते.

वेळेचा घोळ याहून मोठा आहे. हवाई अंतराला जेट विमानाच्या ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागले की सत्तावीस मिनिटे येतात आणि ‘अर्ध्या तासात मुंबई’ असा मथळा तयार होतो. परंतु तो वेग विमान पूर्ण उंचीवर स्थिरावल्यानंतरचा असतो, आणि एवढ्या जवळच्या पल्ल्यात विमान वर चढून जरा सरळ उडते न उडते तोच उतरायची वेळ येते. त्यातच मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या असल्यामुळे सहसा एकच वापरात असते आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते. म्हणूनच विमान कंपन्या वेळापत्रक आखताना विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पलीकडच्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ धरतात, जो या भागाकाराच्या दुपटीहूनही अधिक होतो.

प्रवाशाचा हिशेब तर याहून वेगळा असतो. होटगी रस्त्यावरील विमानतळावर उड्डाणाच्या तासभर आधी तरी पोहोचावे लागते आणि मुंबईत उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत आणखी वेळ जातो. ज्याचे काम अंधेरीला आहे त्याला विमान निःसंशय सोयीचे. पण ज्याला फोर्टात जायचे आहे, त्याने सुमारे साडेसहा तासांत थेट सीएसएमटीला पोहोचवणाऱ्या वंदे भारतशी, किंवा झोपेत प्रवास उरकणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसशी तिकिटाचे पैसे ताडून पाहावेत. सोलापूरहून बंगळुरूला जाण्याचे गणित निराळे आहे, कारण तिथे रेल्वे वाडी, रायचूर, गुंतकल असा पूर्वेकडचा मोठा वळसा घेते आणि सरळ हवाई अंतर मात्र सुमारे ५३० किलोमीटरच आहे, त्यामुळे विमानाने वाचणारा वेळ खरोखरच डोळ्यांत भरण्याजोगा असतो.

विमानसेवेला माझा विरोध मुळीच नाही. सोलापूरकरांनी तिची पुष्कळ वाट पाहिली आहे. विनंती एवढीच की, आपल्या वृत्तपत्राने अंतर देताना ते हवाई, रस्त्याचे की लोहमार्गाचे हे लिहावे आणि वेळ देताना भागाकाराऐवजी वेळापत्रकातील सुटण्याची व पोहोचण्याची वेळ छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, जुळे सोलापूर