संविधान सभेचा वाद वर्गात व्हावा

महोदय,

संविधान दिनाला कॉलेजांत उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. पण ती ज्या उद्दिष्टांच्या ठरावातून आली, तो संविधान सभेत नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ला मांडला आणि संमत व्हायला २२ जानेवारी १९४७ का उजाडला, हे राज्यशास्त्राच्या पदवीधरालाही सहसा सांगता येत नाही. नोट्स लिहून देण्याऐवजी हाच वाद वर्गात घडवावा.

प्रश्न एकच ठेवावा : मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी सभेत नसताना ठराव आताच संमत करावा की थांबावे? बॅ. जयकरांनी थांबण्याची उपसूचना मांडली. १७ डिसेंबरला श्यामाप्रसाद मुखर्जींनी तिला विरोध केला, डॉ. आंबेडकरांनी मात्र, सभेला अधिकार आहे का हे बाजूला ठेवा, आता असे करणे शहाणपणाचे आहे का ते पाहा, असे बजावले. बाबासाहेब ‘थांबा’ म्हणतात हे वाचून मुले चमकतात, आणि मग मूळ भाषण स्वतःहून उघडतात.

साठ जणांच्या वर्गाला तीन तास पुरतात. पहिल्या तासाला दहा-दहांच्या गटांना एकेका भाषणाचा तीन-चार पानांचा उतारा आणि कॅबिनेट मिशन योजनेवर (ज्या ब्रिटिश योजनेनुसार ही सभा स्थापन झाली) एक पान द्यावे. दुसऱ्या तासाला वाद : प्रत्येक गटाचा एक वक्ता, तीन मिनिटे, आधी विरोधकाचा मुद्दा त्याला मान्य होईल असा मांडायचा, मगच खोडायचा. शेवटी मतदान. गटाची बाजू चिठ्ठी टाकूनच ठरवावी, नाहीतर सगळ्यांना आंबेडकर आणि नेहरूच हवे असतात.

हा प्रयोग फसतो तो बहुधा एकाच ठिकाणी. मुलांना फाळणी ठाऊक असते, म्हणून ‘लीग येणारच नव्हती’ असे बोलून ती वाद दोन मिनिटांत संपवतात. डिसेंबर १९४६नंतरची कोणतीही माहिती वापरायची नाही, हा नियम अध्यापकाने कडक पाळलाच पाहिजे. अनिश्चिततेत निर्णय घेणे म्हणजे काय, हे कळण्यासाठीच तर हा सारा खटाटोप.

तिसरा तास पोर्शन संपवायच्या घाईत गाळला जातो, आणि मग उरते ती वक्तृत्व स्पर्धा. प्रत्यक्षात निर्णय पुढे ढकलला गेला, लीग तरीही आली नाही आणि जानेवारीत ठराव संमत झाला; मग थांबून काय मिळाले, हे याच तासाला तपासायचे असते. अंतर्गत गुणही भाषणाला कमी आणि टिपणाला जास्त हवेत : आपण मांडलेल्या बाजूविरुद्धचा सर्वांत बळकट युक्तिवाद कोणता, भाषणाच्या तारखेसह आणि मूळ वाक्यासह. आयत्या उत्तरांना त्यामुळे बराच आळा बसतो.

खरी अडचण भाषेची आहे. सभेचे इंग्रजी वृत्तांत लोकसभेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, पण मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला तीन पाने वाचतानाच दम लागतो. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी या ठरावावरची निवडक आठ-दहा भाषणे मराठीत आणून पुढील सत्रापूर्वी कॉलेजांना द्यावीत.

– राज्यशास्त्राचे अध्यापक, पुणे