अंड्यांवर किती दिवस भिस्त?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या आरोग्य खात्याने मे २०२५मध्ये मॉडर्ना कंपनीच्या बर्ड फ्लूवरील एमआरएनए (विषाणूच्या जनुकाच्या माहितीवरून बनणाऱ्या) लशीचा करार रद्द केला आणि ऑगस्टमध्ये अशाच २२ प्रकल्पांचे पैसे थांबवायचे ठरवले. तो त्यांचा निर्णय. पण आम्हा नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांना ती बातमी परकी वाटत नाही.

देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६मध्ये आमच्याकडेच सापडला. लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरले, शेड ओस पडल्या. २०२१मध्ये पुन्हा तेच. आणि माणसांच्या फ्लूची बहुतेक लस आजही वाढते कुठे, तर कोंबडीच्याच अंड्यात! नऊ ते अकरा दिवसांचे फलित अंडे उजेडापुढे धरायचे, आतला गर्भ जिवंत आहे ना पाहायचे, सुईने विषाणू सोडायचा, दोन-तीन दिवस उबवून आतला द्राव काढायचा. या लशीसाठीचे कळप वेगळे आणि कडक बंदोबस्तात असतात, हे मान्य. तरी साथ कोंबड्यांतच पसरली तर लशीचा कच्चा मालच धोक्यात, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

दुसरी अडचण वेळेची. जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धातल्या लशीसाठी फेब्रुवारीत विषाणू निवडते आणि लस हाती यायला सुमारे सहा महिने जातात. तोवर विषाणू रूप पालटून मोकळा. त्यात एच३एन२ हा माणसांच्या फ्लूचा प्रकार तर अंड्यात वाढतानाच थोडा बदलतो.

एमआरएनए लशीला अंडे लागत नाही, विषाणूच्या जनुकाची माहिती पुरते. ताप, दंडदुखी जरा जास्त होते. मॉडर्नाच्या माणसांच्या साध्या फ्लूवरील अशा लशीच्या चाचणीत पन्नाशीपुढच्यांना ती नेहमीच्या लशीपेक्षा २६.६ टक्के अधिक प्रभावी ठरली. जादू नव्हे, पण थोडकेही नव्हे.

पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने अशीच एमआरएनए कोविड लस बनवली, २०२२मध्ये तिला परवानगी मिळाली आणि ती साध्या फ्रीजच्या तापमानात टिकते. राष्ट्रीय विषाणू संस्थाही पुण्यातच. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, तेव्हा पाश्चात्त्यांच्या हिवाळ्याच्या वेळापत्रकावर विसंबून भागणार नाही. केंद्र आणि राज्याने मिळून इथल्या एमआरएनए फ्लू लशीच्या कामाला निधी द्यावा. आणि बर्ड फ्लूच्या लशीची चाचणी निघाली, तर शेडमध्ये राबणाऱ्या मजुरांचा विचार आधी व्हावा. पक्षी मारायला २००६मध्ये तेच पुढे होते.

— एक पोल्ट्री व्यावसायिक, नवापूर (जि. नंदुरबार)