शस्त्रांना पॉलिश नको, कोरडी हवा द्या : संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संस्कृती मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय, सप्रेम नमस्कार.

दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेल्या आमच्या भागाचे नाव आजही लष्कर आहे. ग्वाल्हेरला येणारा माणूस किल्ला बघतो, राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे हात जोडतो, आणि मग तलवारी, बंदुका, तोफा बघायला एखाद्या लहानशा शस्त्रदालनात शिरतो. अशा दालनांना निधी मिळाला की तो आधी फरशी, रंग आणि रोषणाईवर जातो. आमची विनंती आहे की पहिला रुपया हवेतली आर्द्रता मोजण्यावर आणि काचपेट्यांवर खर्च व्हावा, आणि शस्त्रे घासण्याचे काम लेखी आदेशाने थांबावे.

आपल्याकडची हवा लोखंडाची वैरीण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास आणि हवा ठणठणीत कोरडी. जुलै-ऑगस्टात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. उन्हाळ्यात लाकडी म्यान आकसून तडकते, पावसाळ्यात पात्यावर तांबूस ठिपके उठतात. नुसत्या पोलादाला ४० टक्क्यांखालची आर्द्रता मानवते. मूठ हस्तिदंताची किंवा म्यान लाकूड-चामड्याचे असेल तर तेवढे कोरडे नेता येत नाही. तिथे ४५ ते ५० टक्क्यांवर स्थिर ठेवावे लागते. म्हणून पाते आणि म्यान वेगवेगळे ठेवावेत. म्यानातल्या तलवारीला चामड्यातले आम्ल आणि साठलेली ओल दोन्ही खातात, आणि ते बाहेरून दिसत नाही.

पेटीच्या कोपऱ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून भागत नाही. नीट बंद होणाऱ्या पेटीत दर घनमीटरला सुमारे २० किलो, हा संग्रहालयांचा जुना ठोकताळा आहे. दाराला फट असेल तर तेवढेही पुरत नाही. ओल शोषून नारिंगी जेल हिरवे पडले की ते ११०-१२० अंशांवर काही तास तापवून पुन्हा वापरता येते. पेट्या प्लायवूडच्या नकोत. त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी धरते आणि गोळी हळूहळू विरून जाते. आर्द्रतेची नोंद ठेवणारे यंत्र काही हजार रुपयांत येते.

आता घासण्याबद्दल. कोफ्तगरीचे काम जवळून पाहा: पोलादावर आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून खडबडीत केलेल्या पृष्ठभागावर सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. सोन्याचा तो थर फार पातळ असतो. मुठीवरची वेल एका बाजूला लखलखीत आणि अंगठ्याच्या उंचवट्यावर करडी दिसली, तर तिथले सोने पॉलिशने किंवा हाताळणीने झिजले असे समजावे. सँडपेपर फिरवला की पात्यावरचे जौहर, म्हणजे पोलादातली लहरींसारखी नक्षी, तीही जाते. पितळेला अमोनियाचे पॉलिश तर अजिबात नको. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचे कारण १९२१ मध्ये पक्के झाले. मऊ ब्रशने धूळ काढावी, नायट्राइलचे हातमोजे घालावेत, आणि जुन्या वस्तूंच्या प्रशिक्षित संवर्धकाकडून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. एवढ्याने पुष्कळ टिकते.

एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. तोंडाकडून भरायच्या जुन्या बंदुका आणि तोफा कधी कधी भरलेल्याच राहून गेलेल्या असतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. तपासणी सोपी आहे: लाकडी काठी, लोखंडी सळई नव्हे, तोंडातून हलकेच आत सारायची, तोंडाशी खूण करायची आणि ते अंतर बाहेरून बत्ती देण्याच्या कान्यापर्यंत धरून बघायचे. काठी काना गाठण्याआधीच अडली तर आत काहीतरी आहे. मग खोदू नये, ठोकू नये. बॉम्बशोधक पथकाला बोलवावे. प्रत्येक शस्त्राच्या नोंदवहीत या तपासणीची तारीख हवी.

उघड्यावरच्या तोफा सिमेंटात गाडू नयेत. पाणी साचते आणि ती तळातून सडते. दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवर तोलून, तोंड किंचित खाली कलते ठेवले की पाणी निथळते. काळा ऑइलपेंट फासला की लेख बुजतात; ते वाचणाऱ्याचे नुकसान आहे.

आणि पाट्या. ‘तोफ, १८वे शतक’ एवढ्याने शाळकरी मुलाच्या हाती काय लागणार? नळीचा व्यास, वजन, ओतकामाची जागा, आणि वस्तू कुठून आली हे पाटीवर हवे. महादजी शिंद्यांसाठी आग्र्याला तोफा ओतल्या जात. महाराजपूर आणि पनियार या दोन्ही लढाया २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी झाल्या, आणि तिथे हाती पडलेल्या तोफांच्या धातूतून इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी ‘ग्वाल्हेर स्टार’ पदके पाडली. असा मजकूर हिंदीबरोबर मराठीतही असावा. अंगरखे आणि निशाणांवर ५० लक्सहून (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेड नको, पोलादाला मात्र बाजूने तिरपा प्रकाश द्यावा, म्हणजे जौहर दिसते. दिवे पेटीबाहेर असावेत.

पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी आर्द्रतेची नोंद सुरू व्हावी आणि घासण्यावरचा मनाई आदेश निघावा, एवढे तरी करावे. पत्राची हिंदी प्रत सोबत जोडली आहे.

आपले,
ग्वाल्हेरचे शस्त्राभ्यासक