पायाळू बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी ठरवूनच घरी पाठवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उसण भरली की पायाळू (जन्मताना डोक्याऐवजी पाय किंवा ढुंगण आधी आलेल्या) माणसाची लाथ घ्यावी, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं. पायाळू बाळाचा खुबा सांध्यातून निसटलेला असण्याची जोखीम जास्त, म्हणून तो तपासून घ्यावा, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. गोव्यात आता जवळजवळ सगळी बाळंतपणं इस्पितळात होतात, म्हणून आरोग्य खात्याकडे एक मागणी करते. गर्भात पायाळू असलेल्या (मग सिझेरियन का झालं असेना) आणि घरात कुणाला जन्मापासून खुब्याचा दोष असलेल्या प्रत्येक बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर खुब्याच्या सोनोग्राफीची तारीख घालूनच त्याला घरी पाठवावं.

मी एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. 'चालताना एका बाजूला झुकते' म्हणून दीड-दोन वर्षांची पोर यायची. गुडघ्याच्या वाट्या वर राहतील असे पाय आईने सरळ धरायचे, कंबर जरा तिरकी झाली तरी फोटो फसवा येतो. मग डॉक्टर फिल्मवर पेन्सिलीने रेघा ओढायचे. एक आडवी, दोन्ही उखळ्यांच्या (मांडीच्या हाडाचा गोळा बसतो त्या खोबणींच्या) तळातून जाणारी. दुसरी उभी, उखळीच्या बाहेरच्या कडेवरून उतरणारी. मांडीच्या हाडाचा गोळा आतल्या बाजूच्या खालच्या चौकोनात हवा. या पोरींमध्ये तो बाहेर आणि वर सरकलेला असायचा, दुसऱ्या बाजूपेक्षा लहानही, आणि उखळी उथळ, तिचं छत तिरकं. रेघा नसत्या तरी आईला फरक कळायचा. पुढचा तिचा प्रश्न ठरलेला, "हे आधी का नाही दिसलं?"

कारण तान्ह्या बाळाचा खुबा निसटलेला असला तरी दुखत नाही. शिवाय मांडीच्या हाडाचा हा गोळा सुरुवातीला कूर्चेचा (हाडापेक्षा मऊ, लवचिक भागाचा) असतो. त्यात हाड धरायला साधारण चार ते सहा महिने लागतात. तोवर एक्स-रेवर तो दिसतच नाही. सोनोग्राफीत कूर्चा दिसते. ऑस्ट्रियाच्या डॉ. ग्राफ यांनी 1980 च्या सुमारास ही पद्धत मांडली, आणि त्या देशात 1992 पासून प्रत्येक नवजात बाळाची अशी तपासणी होते. तेवढं मी मागत नाही. पहिल्या दिवसांत सैल वाटणारे बरेच खुबे काही आठवड्यांत आपसूक घट्ट होतात, उगीच सगळ्यांना पट्टे बांधायला नकोत. म्हणून सहावा आठवडा बरा. त्याच सुमाराला दीड महिन्याची लस असते, आई बाळाला घेऊन येणारच असते.

वेळेचं महत्त्व उपचारात आहे. सहा महिन्यांच्या आत दोष सापडला तर पाय दुमडून फाकवून ठेवणारा पट्ट्यांचा हार्नेस काही आठवडे बांधून बहुतेकांचं भागतं. त्यानंतर भूल देऊन सांधा बसवायचा आणि कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर. दीड वर्षानंतर बहुधा शस्त्रक्रिया, कधी हाड कापूनसुद्धा. आणि राहूनच गेला, तर ऐन तिशी-चाळिशीत सांधा झिजून बदलायची वेळ येते.

हा दोष मुलींमध्ये कितीतरी जास्त, पहिल्या बाळातही अधिक. जोखीम नसलेल्या बाळांतही तो निघतो, त्यामुळे जन्मानंतर प्रत्येक बाळाचे पाय फाकवून हाताने तपासणं सोडून चालणार नाही. घरी लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी उघडत नसेल तर लगेच दाखवावं. पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून बांधायची हौस आज्जीबाईंनी सोडावी. छातीशी गुंडाळा, पण पायांना दुमडायला जागा ठेवा. कडेवर घ्यायची आपली रीत मात्र उत्तम, पाय आपसूक फाकतात.

कागदावर काही कमी नाही. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात दोषांमध्ये हा खुब्याचा दोष आहेच. तारीख देण्याची जबाबदारी कुणाची, एवढं ठरायला हवं. माझ्या मते ती प्रसूती विभागाची. म्हापशाच्या आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत (आपलं आझिलो आणि हॉस्पिसियो) आणि बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) या सोनोग्राफीसाठी आठवड्याचा एक वार ठरवावा आणि तो सगळ्या आरोग्य केंद्रांना कळवावा, म्हणजे काणकोणच्या किंवा वाळपईच्या बाईला बाळ घेऊन नुसत्या चौकशीसाठी बस बदलत यावं लागणार नाही.

– एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, डिचोली