फोन माझा, मग परवानगी गूगलची कशाला?

संपादक महोदय,

गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायचं असलं तरी बनवणाऱ्याने आधी गूगलकडे ओळख पटवून नोंदणी करायची, सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया वगैरे चार देशांत आणि २०२७ पासून हळूहळू बाकीकडे, म्हणजे आपणही आलोच. कारण काय तर फसवणूक. ती होते हे मान्य, व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके (अ‍ॅप टाकायची फाईल) येते, माणूस दाबतो आणि खातं साफ. पण मग बोगस लोन अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरच होती ना, तेव्हा कुठे गेली होती ही तपासणी?

यात भरडले जाणार एफ-ड्रॉइड या प्ले स्टोअरबाहेरच्या अ‍ॅप-भांडारासारखे लोक, जे सोर्स कोड (अ‍ॅपचा मूळ प्रोग्राम) सगळ्यांना उघडा ठेवून, ना जाहिरात ना लॉगिन, फुकट अ‍ॅप्स देतात. अनुभवी युजरसाठी वेगळी वाट ठेवू असं गूगल नंतर म्हणालं खरं, पण ती वाट किती अरुंद ठेवायची हेही तेच ठरवणार! आपल्या स्पर्धा आयोगाने गूगलला २०२२ च्या आदेशात साइडलोडिंग (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकणं) अडवू नका असं बजावलं होतं, २०२३ मध्ये अपिलात नेमका तोच भाग उडाला. आयोगाने आता परत लक्ष घालावं, २०२७ उजाडायच्या आत.

– एक वाचक, सांगली