देवळालीच्या स्टेशनवर एक बोर्ड लावा, पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मागणी आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसेल तरी चालेल. नाशिकजवळच्या देवळाली स्टेशनवर एक साधा माहितीचा बोर्ड लावून घ्या, आमच्या गावाच्या नावाचं इंग्रजीत काय झालं ते सांगणारा. बाकी काही नको.

इंग्लंडमध्ये एखादा माणूस विचित्र वागायला लागला की लोक सहज म्हणतात, तो डूलॅली झालाय. म्हणजे डोकं फिरलंय, सटकलाय. आज्जीबाईंपासून पेपरवाल्यांपर्यंत सगळे वापरतात आणि त्यातल्या बहुतेकांना हे एका गावाचं नाव आहे याचा पत्ताच नसतो. माझी भाची तिकडे नोकरीला आहे, तिच्या ऑफिसात कुणीतरी प्रिंटरला डूलॅली म्हणालं आणि हिने सांगितलं की मी तिथलीच आहे, तर लोकांना वाटलं चेष्टा करतेय.

गोष्ट अशी. 1861 च्या सुमारास ब्रिटिशांनी देवळालीला छावणी टाकली. मुंबई रेल्वेने 180-एक किलोमीटर, हवा चांगली, त्यामुळे विलायतेहून आलेली पलटण आधी इथे उतरायची आणि नोकरीची मुदत संपलेले सोल्जरही बोटीची वाट बघत इथेच थांबायचे. आता घोळ असा होता की सैनिकांच्या बोटी वर्षभर चालत नव्हत्या, साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढाच त्यांचा सीझन. म्हणजे ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली तो अख्खा उन्हाळा आणि वर अख्खा पावसाळा इथेच अडकला. काम फारसं नाही, घरी जायचं नक्की पण कधी ते माहीत नाही, मग दारू, भांडणं, गुप्तरोग, त्यात मलेरिया, आणि घरी पोचेपर्यंत माणूस पार बदललेला. त्यावरून सोल्जरांच्या बोलीत डूलॅली टॅप हा प्रकार आला. यातला टॅप म्हणजे नळ नाही, आपला ताप. डोक्याला ताप असं आपण रोज म्हणतो तोच, साहेबाने गाव आणि ताप दोन्ही इथूनच उचलले. 1925 मध्ये तिकडे सैनिकी शब्दांचा एक कोश निघाला त्यातही डूलॅलीची नोंद आहे. पुढे ताप गळाला आणि नुसतं गाव उरलं.

व्हॉट्सॅपवर फिरतं की देवळालीत वेड्यांचं हॉस्पिटल होतं म्हणून हे नाव पडलं. मिलिटरी हॉस्पिटल होतं हे खरं, पण मुळात गोष्ट वाट बघण्याची आहे, आणि मला तरी ती जास्त खरी वाटते. रिकामं बसवून ठेवलं की भलाभला माणूस कामातून जातो हे सांगायला डॉक्टर लागत नाही, आपल्याकडे भरतीचा निकाल लागायची वाट बघणारी पोरं बघा. गंमत बघा, त्याच देवळालीत पुढे मुंबईचे पारशी आणि गुजराती लोक हवापालटाला यायला लागले, लॅम रोडच्या बाजूचे जुने बंगले आणि सॅनिटोरियमं त्यातलीच. तब्येत सुधारायला लोक ज्या गावी यायचे त्याच गावाचं नाव इंग्रजीत डोकं फिरण्याला चिकटलं, याहून मोठा अन्याय एखाद्या गावावर काय व्हायचा!

तरी माझी कसली तक्रार नाही. भावना दुखावल्या वगैरे काही नाही, इंग्रजांकडून माफी मागून घ्या असंही मी म्हणत नाही, तसलं काही काढलंत तर लोक तुम्हालाच डूलॅली म्हणतील. मुंबईच्या डोंगरीच्या जाड कापडावरून तिकडे डंगरी झाली ते कुठेतरी वाचायला तरी मिळतं, देवळालीचं मात्र देवळालीत कुठेच लिहिलेलं नाही. तोफखान्याचं मोठं केंद्र म्हणून लोक गावाला ओळखतात, खंडोबाच्या टेकडीवर संध्याकाळी गर्दी असते, पण ही गोष्ट कॅम्पातल्या पोरांनासुद्धा सांगावी लागते.

मला माहीत आहे, स्टेशन रेल्वेचं, कॅम्प संरक्षण खात्याचा, तुमच्याकडे फाईल आली की ती तिघांत फिरणार. पण तुमच्या खात्याचं एक पत्र गेलं तर निदान सुरुवात होईल. आणि आत्ताच का, तर कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग वेगळा काढायचं घाटतंय, त्यात पाट्या बदलणारच आहेत. तसंही रेल्वे इंग्रजीत डी-ई-व्ही लिहिते आणि कॅन्टोन्मेंट डी-ई-ओ, त्यात राहुरीकडची देवळाली प्रवरा वेगळीच, बाहेरचा माणूस गोंधळतो तो गोंधळतोच.

बोर्डाबद्दल दोनतीन विनंत्या. 'आय लव्ह देवळाली' छाप सेल्फी पॉईंट करू नका, पाया पडतो. मजकूर मराठीत आधी, इंग्रजी खाली. बोटींचा सीझन, थांबलेले सोल्जर, ताप आणि आजचा अर्थ, एवढं चार वाक्यात बसतं, नेत्यांचे फोटो बसवायला जागा ठेवू नका. मजकूर लिहून हवा असेल तर नाशिकमध्ये इतिहासाचे मास्तर भरपूर आहेत, फुकटात लिहून देतील. आणि रंगवणाऱ्याला बजावून सांगा, देवळालीत ळ आहे.

कळावे,
देवळाली कॅम्पात वाढलेला एक नाशिककर