तुझ्या दोराची हकिकत

मुलुंड, मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नागपूरला बदली झाली तेव्हा तू तुझा कडे चढण्याचा 60 मीटरचा नवा कोरा दोर माझ्या स्वाधीन केलास, त्याला दोन वर्षे झाली. या जानेवारीत तो प्रथमच खऱ्या अर्थाने वापरला गेला. ती हकिकत फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावी असे वाटले, कारण तिच्यात माझी एक मोठी चूक आहे आणि ती मला तुझ्यापासून लपवायची नाही.

तुझी वहिनी आणि मी 19 दिवस आपल्या जुन्या ईको गाडीतच राहिलो. मागच्या आसनाच्या जागी, गाडीला एकही भोक न पाडता उचलून ठेवता येईल असा प्लायवूडचा पलंग सुताराकडून करून घेतला होता. त्याच्याखाली दोर, हार्नेस (दोर बांधण्यासाठी कमरेला घालायचे पट्टे), शिधा आणि 20 लिटरचा पाण्याचा कॅन एवढाच संसार. आईला हे मुळीच पसंत नव्हते. घर असताना रस्त्यावर का निजायचे, हा तिचा प्रश्न. पण बदामीला जाणार म्हटल्यावर तिचा विरोध मावळला, कारण बनशंकरी आमची कुलदेवता, आणि लग्नाला तीन वर्षे होऊनही देवीची ओटी भरायची राहून गेली होती. खण-नारळाची पिशवी तिने स्वतः बांधून दिली. कोल्हापूर आणि बेळगाव मागे टाकून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बदामीला पोचलो आणि त्यानंतरच्या सकाळी आधी देवीचे दर्शन घेतले.

सह्याद्रीच्या काळ्या कातळावर शिकलेल्या आपल्यासारख्यांना बदामीचा कडा सुरुवातीला परका वाटतो. आपला बेसाल्ट कुठे भक्कम, तर कुठे ओढताच हातात येणारा. तिथला तांबडा वालुकाश्म उभा, सलग आणि आडव्या कपारींचा. चालुक्यांनी सहाव्या शतकात लेणी खोदली ती याच दगडात, आणि लेण्यांपासून दूर असलेल्या कड्यांवर दोर अडकवण्यासाठी बोल्ट मारलेले आरोहणाचे मार्ग आहेत. थंडीत पहाटेपासून ऊन चढेपर्यंत बोटांना जी पकड मिळते, ती दुपारी हाताला घाम सुटल्यावर मिळत नाही. म्हणून आम्ही पाचला उठायचो, गाडीबाहेर शेगडीवर चहा आणि पोहे करायचो आणि उजाडताना कड्याच्या पायथ्याशी असायचो. दुपारी गावातल्या खानावळीत ज्वारीची भाकरी, भरले वांगे आणि शेंगदाण्याची चटणी. तसे जेवण मुंबईत पैसे मोजूनही मिळत नाही.

चौथ्या दिवशी तुझी वहिनी पुढे चढत होती आणि बिले, म्हणजे खालून तिचा दोर सांभाळण्याचे काम, मी करत होतो. चौथ्या बोल्टपाशी डावा हात एका अरुंद कपारीत रुतवून तिने बोल्टला अडकवण्यासाठी उजव्या हाताने दोर वर ओढला, दातांत धरला आणि आणखी ओढण्यासाठी हात खाली नेला. त्याच क्षणी मी दोर आवळून धरला होता. ती पडेल या भीतीने माझी मूठ आपोआप घट्ट झाली होती. दोर तिच्या दातांतून निसटला, तोल गेला आणि ती पडली. खरे तर पडणे फार नव्हते, जेमतेम तीन मीटर. पण दोराला ढील नसल्यामुळे ती झोका घेऊन सरळ कड्यावर आदळली आणि डाव्या पायाचा घोटा दगडावर आपटला. खाली उतरवेपर्यंत तो सुजू लागला होता. गावातल्या डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचे सांगून आठवडाभर विश्रांती घ्यायला लावली.

त्या दिवशी ती मला काहीच बोलली नाही. रात्री पलंगावर पाय उंच ठेवून पडली असताना तिने शांतपणे सांगितले, “तू गाडीतही असाच दोर धरतोस. मी घाटात गाडी चालवत होते तेव्हा तुझा पाय सारखा ब्रेक दाबत होता, आणि तुझ्याकडे तर ब्रेकच नव्हता.” मित्रा, ते अक्षरशः खरे होते. पाण्याचा कॅन कुठे ठेवायचा, किती वाजता निजायचे, कोणता मार्ग तिने चढायचा नाही, हे सगळे मी काळजीच्या नावाखाली ठरवत आलो होतो. मी तिची क्षमा मागितली. तिने ती लगेच दिली नाही, आणि मला तेच योग्य वाटले.

हंपीला आम्ही ठरल्याप्रमाणे गेलो, पण तिथल्या ग्रॅनाइटच्या शिळांवर दोराविना चढायचे आणि गादीवर उडी मारायची, हे दुखऱ्या घोट्याला परवडणारे नव्हते. तिने तुंगभद्रेकाठी बसून चित्रे काढली. मी दोन दिवस चढलो, बोटांची कातडी सोलवटून घेतली आणि उरलेला वेळ एका अनुभवी आरोहकाकडून बिले नव्याने शिकण्यात घालवला: कड्याच्या जवळ उभे राहायचे, चढणारा दोर बोल्टला अडकवत असताना डाव्या हाताने दोर मोकळेपणी द्यायचा, उजवा हात खालच्या दोरावरून क्षणभरही काढायचा नाही, आणि माणूस पडला की ताण येताच स्वतः किंचित वर उचलले जायचे, म्हणजे धक्का दोर, हार्नेस आणि आपले शरीर मिळून सोसतात. जमिनीजवळ मात्र ढील कमीच ठेवायची.

परतताना, तिच्याच आग्रहावरून, आम्ही पुन्हा बदामीला थांबलो. तोच मार्ग, तोच चौथा बोल्ट. ती त्याच्या वर गेली आणि पाचव्याखाली तिचा हात सुटला. माझे पाय जमिनीवरून हातभर उचलले गेले, आणि ती कड्यावर दोन्ही तळवे टेकवून अलगद थांबली. वरून तिने एवढेच म्हटले, “आता ठीक आहे.” मग विश्रांती घेऊन तिने तो मार्ग पुरा केला.

आता तुझ्या दोराविषयी. पहिल्या पडण्यात तो कपारीच्या धारेवर घासला आणि टोकापासून दोन मीटरवर आवरण फाटून आतले पांढरे तंतू दिसू लागले. त्या टोकाचे 3 मीटर मी कापून टाकले, त्यामुळे तो आता 57 मीटरचा आहे. मधली काळी खूणही मध्यावर राहिलेली नाही: तिच्या एका बाजूला 27 आणि दुसऱ्या बाजूला 30 मीटर आहेत. कापलेल्या टोकाला लाल चिकटपट्टी लावली आहे. नवा दोर मी घेऊन देणार आहे, पण हाच हवा असेल तर होळीला येशील तेव्हा ने. नेलास तर त्या खुणेवर विसंबू नकोस, आणि बिले देणाऱ्याकडच्या मोकळ्या टोकाला गाठ मारल्याशिवाय कोणालाही खाली उतरवू नकोस.

तुझा,
मुलुंडचा मित्र